धाकट्यांची टाकी

आमच्या प्रसूतिगृहाच्या तळघरात एक माणूस एकोणीस वर्षं बॉयलर सांभाळत होता, आणि त्याला कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना बंबकाका म्हणायचे. मी तेव्हा दाराजवळच्या नोंदणीच्या टेबलावर होते. तळघराचा जिना माझ्या खुर्चीमागूनच खाली उतरायचा. काका दिवसातून चार-पाच वेळा तरी माझ्या पाठीमागून जायचे-यायचे आणि दर वेळी काहीतरी बोलून जायचे. ही हकिगत त्यांनीच मला सांगितली, तीही एका दमात नाही, तुकड्यातुकड्यांनी. थोडी मी डोळ्यांनी पाहिली.

काका कामाला वाघ होते. बॉयलरमध्ये तापलेलं पाणी बंद पाइपांतून तिन्ही मजल्यांवरच्या खोल्या गरम करत फिरायचं, आंघोळीच्या पाण्याला ऊब द्यायचं आणि परत खाली यायचं. वरून एखादी नर्स म्हणाली, "काका, पाणी आज जरा कोमट वाटतंय," की काका म्हणायचे, "दोन डिग्री कमी असेल. दहा मिनिटं थांब." आणि अकराव्या मिनिटाला नर्स काही न बोलता कामाला लागलेली असायची. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगावर पडणारं पहिलं पाणी आपण तापवतो, याचा त्यांना केवढा अभिमान! "सहा-सात हजार पोरं न्हाऊ घातलीत मी," म्हणायचे, "एकाचंही तोंड न बघता."

स्वभावानं माणूस कुणाचं वाईट चिंतणारा नव्हता. कुणाला बढती मिळाली, कुणी घर घेतलं, की काका मनापासून खूश व्हायचे. त्यांच्या पोटात दुखायचं ते जगात एकाच माणसामुळे. तो म्हणजे त्यांचा साडू.

काका सासरचे मोठे जावई. पहिली सहा वर्षं तर एकुलते एक जावई. सासरी काहीही बिघडलं की निरोप त्यांनाच. स्वयंपाकघरातला नळ गळायचा, सासूबाई बोलवायच्या, काका जाऊन आत दोरा गुंडाळून यायचे. दोन-तीन महिने नळ गप्प बसायचा, मग पुन्हा टपटप, पुन्हा निरोप. मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं. तिचा नवरा बॉयलर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होता. सासरी त्यांना 'धाकटे' म्हणायला लागले, आणि मग तेच नाव सगळीकडे झालं. धाकट्यांनी पहिल्याच भेटीत बाह्या सरसावल्या, नळ खोलला, आतला वॉशर बदलला, तो जिथे बसतो ती बसकण घासून गुळगुळीत केली आणि पंधरा मिनिटांत हात धुऊन गप्पा मारायला बसले.

पुढच्या वेळी काका गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "धाकट्यांच्या हाताला काय गुण आहे हो! थेंब म्हणून पडत नाही आता."

"वॉशर बदलायचा असतो हे मला काय ठाऊक नव्हतं?" काका मला म्हणाले.

"मग सहा वर्षांत का नाही बदललात?"

काका म्हणाले, "बदलला असता, तर पुन्हा कशाला बोलावलं असतं कुणी?"

त्या नळापासून जे सुरू झालं ते थांबेना. धाकट्यांच्या बॅगेत प्रत्येक पान्याला त्याच्या मापाचा कप्पा होता. काकांची हत्यारं तेलाच्या जुन्या डब्यात, खालचं वर आणि वरचं खाली. धाकटे सासऱ्यांशी बुद्धिबळ खेळायचे आणि हरायचे; काका जिंकायचे, म्हणून सासरे त्यांच्याशी खेळायलाच बसेनात. धाकट्यांच्या डोक्यावर चाळिशीतही दाट केस. काकांची बायको सहज म्हणायची, "धाकटीचे हे घरात आले की बूट कसे जोडीनं ठेवतात," आणि काकांचा दारात आडवा पडलेला एक बूट आणि पलंगाखाली गेलेला दुसरा बूट, दोन्ही त्यांना टोचायला लागायचे. पण खरा त्रास वेगळाच होता. धाकटे माणूस म्हणून चांगले होते. "जरा तरी घमेंडखोर असता ना," काका म्हणायचे, "तर मी सुखानं नावं ठेवली असती. तेवढीही सोय ठेवली नाही त्यानं."

त्यात आमच्या संस्थेनं बॉयलरच्या देखभालीचं काम धाकट्यांच्याच कंपनीला दिलं. आता तो माणूस वर्षातून दोनदा काकांच्या तळघरात उतरायला लागला. उतरताना म्हणायचा, "दादा, तुमचा बॉयलर, तुम्ही सांगाल तसं." हे 'तुम्ही सांगाल तसं' काकांना भलतंच झोंबायचं. देणारा मोठा असतो म्हणून देतो, असं त्यांना वाटायचं.

हे सगळं घडलं त्या वर्षीच्या सुरुवातीला धाकट्यांनी बॉयलरशेजारच्या भिंतीवर एक नवी लाल टाकी बसवली. पाणी तापलं की फुगतं, आणि बंद पाइपांत फुगायला त्याला जागा लागते. ती जागा म्हणजे ही टाकी. आत एक रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. पाणी फुगलं की पडदा दबतो, हवा आकसते, आणि दाब वाढत नाही. धाकट्यांनी टाकीला दोरीनं एक कार्ड बांधलं आणि म्हणाले, "दादा, दर तीन महिन्यांनी पाणी थंड असताना दाब उतरवायचा आणि हवा तपासायची. सायकलच्या ट्यूबसारखी पिन आहे खाली. हवा कमी पडली तर पंपानं भरायची, नाहीतर रबर ताणून ताणून फाटेल. इथे तारीख लिहा." काकांनी मान हलवली. धाकटे जिना चढून गेल्यावर त्यांनी ते कार्ड उलटं करून भिंतीकडे वळवलं. त्या माणसाचं सुबक अक्षर रोज डोळ्यांसमोर नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यानंतर त्यांनी त्या टाकीला हात म्हणून लावला नाही.

आठ महिन्यांनी एका सोमवारी सकाळी काका खाली गेले, तर बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपातून पाणी ठिबकत होतं. हा व्हॉल्व्ह म्हणजे बॉयलरचा जीव वाचवणारा. दाब तीन किलोवर गेला की तो आपोआप उघडतो, पाणी बाहेर सोडतो आणि बॉयलर फुटायचा वाचतो. काकांनी खाली बादली ठेवली. आधी वाटलं, आत कचरा अडकला असेल. त्यांनी व्हॉल्व्हचा दांडा उचलून दोन-तीनदा पाणी जोरात जाऊ दिलं. थोडा वेळ बंद झालं, दुपारी पुन्हा सुरू. मंगळवारी बॉयलर थंड करून त्यांनी कपाटातला नवाकोरा व्हॉल्व्ह बसवला. बुधवारी सकाळी बादलीत पुन्हा वीतभर पाणी.

म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हता. व्हॉल्व्ह बिचारा आपलं काम करत होता. दाबच खरोखर वाढत होता. काका स्टूल घेऊन गेजसमोर बसले. पाणी थंड असताना काटा सव्वा किलोवर. बॉयलर पेटवल्यावर दीड, दोन, अडीच, आणि मग तीन. तीनला टपटप. बाहेरून पाणी भरायच्या कॉकमधून जास्तीचं पाणी आत शिरत असेल म्हणून त्यांनी तो कॉक घट्ट बंद केला. तरी तेच. मग त्यांची नजर लाल टाकीकडे गेली.

त्यांनी बोटांच्या पेरांनी टाकीवर वाजवून पाहिलं. चांगली टाकी हवेच्या बाजूला पोकळ वाजते. ही वरपासून खालपर्यंत ठस्स वाजली. त्यांनी खालची पिन नखानं दाबली. हवा यायला हवी होती. पाण्याची चिळकांडी त्यांच्या बाहीवर उडाली. आतलं रबर फाटलं होतं, टाकी पाण्यानं ठासून भरली होती, आणि तापलेल्या पाण्याला फुगायला तसूभर जागा उरली नव्हती.

"खरं सांगू?" काका मला म्हणाले. "मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी तिथल्या तिथे हसलो. धाकट्यांची टाकी! त्यांनी स्वतः निवडलेली, स्वतः बसवलेली, आठ महिन्यांत बसली!"

दुसरा कुणी असता तर वर येऊन सांगून मोकळा झाला असता. काका वर आले, मेट्रनबाईंच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "व्हॉल्व्ह गळतोय. मला काही सापडत नाही. कंपनीच्या माणसाला बोलवा. आणि बाई, तो आला की तुम्हीही खाली या. एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा."

मेट्रनबाईंना नवल वाटलं. एकोणीस वर्षांत काकांनी 'मला काही सापडत नाही' हे चार शब्द कधी उच्चारले नव्हते. मलाही नवल वाटलं, कारण कंपनीचा माणूस यायचा होता त्या शुक्रवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

धाकटे सकाळी दहाला आले. मेट्रनबाई पाच मिनिटं खाली थांबल्या आणि वरून बोलावणं आल्यावर निघून गेल्या. काकांचा थोडा विरस झाला. "म्हटलं असू दे. सापडलं की बाईंना स्वतः बोलावीन."

धाकट्यांनी सगळं नीट विचारलं. व्हॉल्व्ह कधी बदलला, कॉक बंद करून पाहिला का, काटा किती चढतो. मग म्हणाले, "दादा, टाकीतली हवा दर तीन महिन्यांनी बघताय ना?"

"बघतो की," काका म्हणाले.

"मागच्या वेळी ठीक होती?"

"एकदम ठीक."

धाकट्यांनी टाकीकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. कार्ड वळवून तारखा बघितल्या नाहीत. दादांनी सांगितलं, संपलं. "मग टाकी नाही. तुम्हाला काय वाटतं, दादा?"

"मी काय सांगणार? कंपनीचे तुम्ही."

पुढचे दोन तास काका स्टुलावर बसून बघत राहिले. धाकट्यांनी गेज बदलला, खोटं दाखवत असेल म्हणून. आंघोळीच्या टाकीतली नळी कुठे भोक पडून इकडे पाणी सोडते का, ते तपासलं. कॉक खोलून पुन्हा बसवला. कपाळावरचा घाम पुसून ते पुन्हा पुन्हा त्याच जागी यायला लागले. ते दाट केस चिकटून चप्प झाले होते. वर गरम पाणी बंद, नर्सेस किटलीत पाणी तापवून बाळं पुसत होत्या आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन मला विचारत होत्या, "अजून किती वेळ?" मी खाली वाकून विचारलं, तर काका म्हणाले, "शोधतायत कंपनीवाले." त्यांचा आवाज मला विचित्र वाटला. मनातून खूश असलेल्या माणसाचा आवाज होता तो.

बारा वाजून गेल्यावर धाकटे म्हणाले, "दादा, व्हॉल्व्ह कुठून गळतो ते एकदा उघड्या डोळ्यांनी बघू. मी याचा खालचा पाइप काढतो. तुम्ही बॉयलर पेटवा, मी सांगेन तेव्हा बंद करा. दाब चढायला लागेल अर्धा तास तरी."

इथे काकांना बोलायला हवं होतं. टाकी चांगली असेल तर दाब सावकाश चढतो. टाकी पाण्यानं भरलेली असेल तर तो चढत नाही, उडी मारतो. आणि खालचा पाइप काढला की व्हॉल्व्हचं तोंड उघडं, समोर जो असेल त्याच्या अंगावर. काकांना हे सगळं ठाऊक होतं. "जीभ टाळूला चिकटली होती," ते मला म्हणाले. "मनात एकच, की आता याला कबूल करावं लागेल. आता म्हणेल, दादा, मला नाही जमत."

त्यांनी बॉयलर पेटवला.

धाकटे गुडघ्यावर बसून व्हॉल्व्हखाली हात नेऊन ओल चाचपत होते. दहा मिनिटंही झाली नसतील. काटा अडीचवरून सरळ तीनपलीकडे गेला. काकांनी "हात!" म्हणून ओरडून बटण दाबलं, तोवर व्हॉल्व्ह फटकन उघडला होता. कढत पाण्याची धार धाकट्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत पडली.

त्यांची किंकाळी मला वर ऐकू आली. मी धावत उतरले तेव्हा काकांनी त्यांना थंड पाण्याच्या नळाखाली धरलं होतं. धाकट्यांचा दंड त्यांनी दोन्ही हातांनी पकडला होता. मी नर्सला हाक मारायला वळले. मागून काकांचा आवाज आला.

"टाकी गेलीय."

"काय?"

"टाकी. आतलं रबर फाटलंय. पिनेतून पाणी येतंय."

धाकट्यांचे दात वाजत होते. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

नळ वाहत राहिला. धाकट्यांनी मान वळवून टाकीकडे पाहिलं, मग दुसऱ्या हातानं कार्ड सरळ केलं. तारखांच्या चारही चौकटी कोऱ्या. आता काकांनाही ते दिसलं, म्हणजे त्याचा अर्थ दिसला. त्यांना वाटलं होतं टाकी वाईट निघाली. टाकी वाईट नव्हती. हवा कमी होत गेली, कुणी भरली नाही, आणि रबर ताणून ताणून फाटलं. आठ महिन्यांपूर्वी या माणसानं सांगितलं होतं, अगदी तसंच.

नर्स आली, मेट्रनबाई आल्या. हाताला ओला कपडा गुंडाळत नर्सनं विचारलं, "असं कसं झालं?" धाकटे लगेच म्हणाले, "माझीच चूक. चालू बॉयलरचा पाइप काढायला नको होता मी."

काका मला म्हणाले, "तुला सांगतो, त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती ना? वाटलीच. पण लाजेच्या आधी काय वाटलं माहीत आहे? इथेही हा माझ्या पुढे गेला! हात भाजून घेतला, वर दोषही घेतला, आणि मी शेजारी उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. ते काही मला सहन होईना."

म्हणून ते बोलले. चांगुलपणानं बोलले की जळफळाटानं, हे त्यांना स्वतःलाही नीट सांगता आलं नाही. पण बोलले, तिथेच, सगळ्यांसमोर, अगदी सपाट आवाजात. "बाई, चूक त्यांची नाही. टाकी फाटल्याचं मला बुधवारीच कळलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. आणि टाकी फाटली तीही माझ्यामुळे, मी हवा कधी बघितलीच नाही. आणि ते विचारत होते तेव्हा मी खोटं बोललो."

मेट्रनबाईंनी विचारलं, "का पण?"

काकांनी धाकट्यांकडे बोट केलं. "हे माझे साडू आहेत."

एवढंच उत्तर दिलं त्यांनी, आणि मेट्रनबाईंना ते कळलं असावं. त्यांनाही दोन बहिणी होत्या. तरी सोमवारी काकांच्या हातात लेखी ताकीद पडली, आणि वर्षभर त्यांच्या प्रत्येक नोंदीवर बाईंनी स्वतः खाली उतरून सही केली. एकोणीस वर्षांच्या माणसाला ते फार लागलं, पण त्यांनी चकार शब्द काढला नाही.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वाढताना म्हणाली, "मी त्यांचं कौतुक करते ते तुम्हाला एवढं लागतं, हे तोंडानं सांगायचं होतं. माझी बहीण त्यांचा हात धरून रात्रंदिवस बसलीय." मेहुणी पुढे तीन महिने त्यांच्याशी बोलली नाही. फोन काकांनी उचलला तर म्हणायची, "ताईला द्या." पूर्वी 'भाऊजी, कसे आहात' म्हणायची.

नवी टाकी पुढच्या आठवड्यात आली. धाकट्यांच्या कंपनीनं दुसरा माणूस पाठवायचं ठरवलं होतं, पण बँडेज बांधलेला हात गळ्यात अडकवून धाकटे स्वतःच आले. उजवा हात चालत नव्हता, म्हणून सांगायचं त्यांनी आणि करायचं काकांनी. पहिला तासभर दोघं कामापुरतंच बोलले. "पाणी भरायच्या आधी हवा." "किती?" "एक किलो. पंप इथे लावा." काका खाली वाकून पंप मारत होते आणि धाकटे वर उभे राहून आकडा वाचत होते. मध्येच काका वर न बघता म्हणाले, "फार दुखतंय का?"

"झोपताना दुखतं."

"मी फार जळतो तुमच्यावर."

धाकट्यांनी आकड्यावरची नजर हलवली नाही. मग म्हणाले, "ते माहीत होतं, दादा. इतकं माहीत नव्हतं." आणि मग, "झालं एक किलो. थांबवा."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, काकांनी माफी मागितलीही नाही. पाणी भरलं, बॉयलर पेटवला आणि दोघं गेजसमोर उभे राहिले. काटा सव्वावरून हळूहळू पावणेदोनला आला आणि तिथेच बसला. तासाभरानंही तिथेच. व्हॉल्व्हचं तोंड कोरडं ठणठणीत. काकांनी बादली उचलून कोपऱ्यात ठेवली.

काकांचं जळणं संपलं, असं मी म्हणणार नाही. तेही कधी म्हणाले नाहीत. पण त्यानंतर काही अडलं की ते माझ्या टेबलावर येऊन धाकट्यांना फोन करायचे. एकदा तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली काही केल्या तापेना. धाकट्यांनी फोनवर दोन-चार उपाय सांगितले, एकही लागू पडला नाही. शेवटी म्हणाले, "दादा, मलाही कळत नाहीये." काकांनी फोन ठेवला आणि दिवसभर शीळ घालत फिरले.

रविवारी धाकटे आले. कोपरापर्यंतची कातडी लालसर, चकचकीत राहिली होती, ती आता कायमची. दोघांनी तीन तास खटपट केली. पाइपातली हवा काढली, पाणी फिरवणारा पंप बदलला, झडपा उघडून-मिटून पाहिल्या. खोली गारच. मग कंपनीनं नव्यानं घेतलेल्या एका इंजिनिअर बाईंना पाठवलं. त्या आल्या, पाइपावरून तळहात फिरवत जिना चढल्या, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे गाळ साचलाय." तेवढा तुकडा उघडून साफ केला, आणि दहा मिनिटांत खोली तापायला लागली. मेट्रनबाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "हाताला काय गुण आहे हो तुमच्या!"

संध्याकाळी दोघं साडू माझ्या टेबलाजवळून बाहेर पडले. काका म्हणत होते, "वळणावर गाळ असणार हे कुणीही सांगेल."

"आपण तिथवर पोचलोच होतो जवळजवळ," धाकटे म्हणाले.

"तेच ना. आणि हात फिरवत जायची काय गरज होती? नाटकं नुसती."

"बॅग बघितलीत का त्यांची, दादा?"

"बघितली," काका म्हणाले, आणि दोघं मान हलवत बरोबरच रस्त्याला लागले.